मुनाफ्याने शेत देणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांना एक खुलं पत्र

प्रति,
इंदूर-देवास-महूच्या आसपास जमीन असलेली, पण ती मुनाफ्याने (वर्षाची ठरलेली रोख रक्कम घेऊन) किंवा बटाईने (पीक वाटून घेऊन) दुसऱ्याच्या हाती दिलेली सगळी मराठी घरं,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी पुष्कळांची हकीकत थोड्याफार फरकाने एकच आहे. पणजोबा कधीतरी होळकरांच्या नाहीतर देवासकरांच्या चाकरीत इकडे आले. कुणाला इनाम मिळालं, कुणी पगारातून बिघा-दोन बिघे जोडत गेलं. आता आपण सुदामानगरात, लोकमान्यनगरात, टिळकनगरात राहतो, मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला असतात, आणि शेत देपालपूरकडे नाहीतर सांवेरकडे कुठेतरी असतं. तिथे आपण वर्षातून दोनदा जातो. एकदा हरभऱ्याचा हुळा खायला आणि एकदा मुनाफ्याचे पैसे आणायला.

मीही तशीच जात होते. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण आपल्याच शेतातल्या मातीकडे कधी खाली वाकून पाहिलं नाही. तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी गेले तेव्हा गव्हाचं अख्खं रान काळं पडलं होतं. नरवाई, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेलं काड आणि बुडखे, पेटवली होती. आग बांधापर्यंत गेली आणि सासूबाईंनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लावलेला रायवळ आंबा एका बाजूने होरपळून गेला. त्याच्या सावलीत त्यांच्या हातची दशमी मी खाल्ली आहे. मला रडूच आलं. मुनाफ्याने शेत करणारा भला माणूस आहे. तो ओशाळला, पण म्हणाला, "बाईजी, सब जलाते हैं. और अगले साल खेत मेरे पास रहेगा कि नहीं, मुझे क्या मालूम?"

घरी येताना सगळ्या वाटेवर ते दुसरं वाक्य डोक्यात होतं. एका वर्षाच्या कराराने आपण त्याला जमीन देतो. पुढच्या वर्षी कुणी बिघ्यामागे हजार-दोन हजार जास्त दिले की आपण माणूस बदलतो. मातीत आज घातलेलं खत दोन-तीन वर्षांनी रंग दाखवतं. मग दुसऱ्याच्या पिकासाठी त्याने आपला घाम का गाळावा? नरवाई पेटवण्याचा दोष आपण त्याच्या अडाणीपणाला देतो, पण काडी आपल्या कराराने ओढलेली असते. हे पत्र म्हणूनच त्याला नाही, तुम्हाला लिहिते आहे: काड जाळण्याऐवजी त्याचं खत व्हावं आणि त्यासाठी आपण आपला करार बदलावा, एवढंच सांगायला.

दंडाची गोष्ट आधी संपवून टाकते. आपल्या राज्यात नरवाई जाळल्यास दोन एकरांपेक्षा कमी जमिनीला २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांना ५,००० आणि त्याहून जास्त असेल तर १५,००० रुपये असे दर ठरलेले आहेत. आग उपग्रहातून दिसते आणि खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, नाव आपलं असतं. पण दंडाच्या धाकाने कुणी माती सांभाळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जळतं काय, ते बघा. काडातला कर्ब (कार्बन) धुरात जातो, नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळं हवेत जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो. राखेत पालाश (पोटॅश) आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस) उरतं, तेही पहिल्या वळवाच्या वाऱ्यापावसात शेजाऱ्याच्या शेतात. आणि मग आपणच म्हणतो की माळव्याची काळी माती पूर्वीसारखी राहिली नाही, नांगराला ढेकळं निघतात.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती. पिकाच्या काडीकचऱ्याचं खत करायची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती आपल्या गावात जन्मली. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, होळकर दरबाराने तिला जमीन दिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख होते, आणि त्यांच्याबरोबर रसायनाचं काम पाहणारे होते यशवंत वाड. १९३१ साली या कामाचं पुस्तक निघालं, त्यावर दोघांचीही नावं आहेत. हॉवर्डचं नाव इंग्लंडात, अमेरिकेत सेंद्रिय शेतीवाले आदराने घेतात. वाडांचं नाव त्यांनी जिथे काम केलं त्या गावातल्या मराठी घरांतसुद्धा कुणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते, तेव्हा ते हे खताचे खड्डे पाहायला मुद्दाम गेले होते.

त्या खड्ड्यांचं माप ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि खोली अवघी २ फूट. मला आधी वाटायचं खड्डा जितका खोल तितकं खत चांगलं. उलट आहे. खोल खड्ड्यात हवा पोचत नाही, माल कुजण्याऐवजी सडतो आणि वास मारतो. तुरीच्या, कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच टाकल्या तर वर्षभर हलत नाहीत. हॉवर्ड-वाडांनी कपाशीच्या पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या होत्या. आमच्याकडे ते काम ट्रॅक्टर करतो. मग थर लावायचे: काडीकचरा, शेणकाला, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, मूठभर राख. गव्हाच्या काडात नत्राच्या जवळपास ऐंशीपट कर्ब असतो, एवढा कोरडा घास सूक्ष्मजीवांना एकट्याने गिळवत नाही, म्हणून शेण-मूत हवं. सोयाबीनचं भुसकट त्या मानाने लवकर मुरतं. तीन महिन्यांत तीनदा पलटायचं आणि ओल अशी ठेवायची की मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पहिल्या आठवड्यात खड्ड्यात हात घालून बघा, चटका बसतो. त्या उष्णतेत तणाचं बी आणि बटाट्याच्या वेलांवरचा रोग मरतो.

एक गोष्ट मात्र मी शेतावर गेल्यावरच शिकले. एप्रिलमध्ये गव्हाच्या काडाचा खड्डा भरायचा म्हटलं तर माळव्यात त्या वेळी विहिरीत पाणी नसतं. कोरडा खड्डा तसाच पडून राहतो आणि मग माणूस म्हणतो, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. त्यामुळे गव्हाच्या काडाचा भुसा करून जनावरांना घालावा, बुडखे रोटाव्हेटरने मातीत मिसळावेत. त्यासाठी सोयाबीनच्या पेरणीपर्यंत आपल्याकडे दीड-दोन महिने असतात. पंजाबच्या शेतकऱ्याला भातानंतर गव्हासाठी दोन-तीन आठवडे मिळतात, तशी घाई इथे नाही. खताचा खड्डा भरायचा तो सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. थ्रेशरच्या मागे भुसकटाचा ढीग आयता पडलेला असतो, विहीर भरलेली असते आणि पाऊस गेलेला असतो. जानेवारीच्या शेवटी खत हातात येतं.

पण पुन्हा तोच प्रश्न. मुनाफेदाराने हे का करावं? खड्ड्यातल्या घट्ट खताचा फायदा सावकाश मिळतो आणि त्याचं वर्ष तर आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. माझ्या अनुभवात या प्रश्नाचं अर्धं उत्तर द्रवखताने, म्हणजे मुरलेलं खत पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काने, दिलं. विहिरीजवळच्या पट्ट्यात तो फेब्रुवारीत गिलकी आणि भेंडी लावतो, माल चोइथराम मंडीत नेतो. तिथे आम्ही पिंपातलं खतपाणी रोपांच्या बुंध्याशी घातलं. त्याच हंगामात, त्याच्याच पिकात त्याला फरक दिसला. दुसऱ्या वर्षी कांद्याच्या रोपासाठी खत राखून ठेवायला मला सांगावं लागलं नाही, त्यानेच दोन पोती बाजूला काढली होती. भुसकटाचा ढीग आता कुणी पेटवत नाही, कारण त्यातून यंदाच काहीतरी मिळतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

द्रवखत करायला फार काही लागत नाही. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप. त्यात वीस किलो पूर्ण मुरलेलं खत जुन्या सुती लुगड्यात सैल बांधून टांगायचं आणि पिंप पाण्याने भरायचं. हवा खेळती राहिली पाहिजे. शेतावर आम्ही दिवसातून चार-पाच वेळा बांबूने जोरात ढवळतो. घरी माझ्याकडे बादलीत माशांच्या टाकीचा लहान पंप आहे, तो चोवीस तास चालतो. पिंप सावलीत हवं. दुसऱ्या दिवशी गाळून घ्यायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, कारण ढवळणं थांबलं की काही तासांत पाण्यातली हवा संपते आणि ते आंबायला लागतं. रंग कोऱ्या चहासारखा असावा, जास्त गडद असेल तर पाणी वाढवा. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला पाहिजे. कुबट किंवा अंड्यासारखा वास आला तर ते झाडाला न घालता परत खड्ड्यावर ओता. लुगड्यातला चोथा फेकू नका, निम्म्याहून जास्त ऐवज त्यातच शिल्लक असतो. ठिबकमधून द्यायचं असेल तर दुहेरी कापडाने गाळून वर जाळीचा फिल्टर लावा, नाहीतर आठवड्यात नळ्या चोंदतात.

शहरातल्यांसाठी एक सांगते. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून चढवून, क्लोरीन घालून येतं. ते उघड्या बादलीत एक दिवस राहू द्या, मगच खत घाला, नाहीतर ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते सूक्ष्मजीवच मरतात.

आणि ते पाणी फार लांबून, फार वीज खाऊन आलेलं असतं. वाया घालवू नका.

गूळ घालू का, असं मला सगळ्या वहिनी-काकू विचारतात. घालू नका. गुळाने चांगले जिवाणू वाढतात हे खरं, पण खत कच्चं राहिलेलं असेल तर शेणातले पोट बिघडवणारे जिवाणूही त्याच गुळावर वाढतात. कोथिंबीर, मेथी, मुळा यांच्या पानांवर तर हे पाणी फवारूच नका, मातीतच घाला.

माझ्या हातून झालेली एक चूक लिहून ठेवते, म्हणजे तुमच्या हातून व्हायची नाही. पहिल्या वर्षी खड्ड्याच्या उताराकडे तपकिरी पाणी साचलं होतं. मला वाटलं, हेच आयतं द्रवखत. कॅन भरून आणलं आणि गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांना घातलं. तीन दिवसांत मेथी पिवळी पडली, मोगऱ्याची पानं कडेने करपली. ते अर्धवट कुजलेल्या मालाचं निथळलेलं पाणी होतं. त्यात आम्लं असतात, क्षारही असतात. रंग तोच, दिसायला तसंच, पण मुरलेल्या खताचा अर्क वेगळा आणि हा निथळा वेगळा. तेव्हापासून प्रत्येक खेपेला मी मुगाची परीक्षा घेते. दोन बशा घ्यायच्या, एकीत साध्या पाण्याचं ओलं कापड, दुसरीत खतपाण्याचं. दोन्हींत वीस-वीस मूग. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचे मोड सारखे असतील तर खत तयार आहे. खतपाण्यातले मोड आखूड, तांबूस आले तर खत कच्चं आहे, किंवा भुसकटात तणनाशकाचा अंश राहिला आहे. सोयाबीनवर हल्ली तणनाशक सर्रास मारतात, म्हणून ही परीक्षा चुकवू नका.

आता जे सांगणार आहे ते काहींना आवडणार नाही. द्रवखत म्हणजे अमृत आहे, एक बाटली घातली की युरिया बंद, असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा. चांगल्या खतात किलोमागे दहा ते पंधरा ग्रॅम नत्र असतं. वीस किलोच्या आमच्या पिंपात म्हणजे सगळं मिळून दोनशे ते तीनशे ग्रॅम, आणि तेही लगेच विरघळणारं त्यातलं थोडंच. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत नत्र असतं वीस किलोंहून जास्त. पिंपाने गव्हाच्या पाच बिघ्यांची भूक भागत नाही. मी गव्हावर करून पाहिलं, फरक दिसला नाही. पालाश मात्र पाण्यात सहज उतरतो, काडात तो भरपूर असतो, आणि बाकीची सूक्ष्म द्रव्यं थोडी थोडी. म्हणून हे पाणी रोपवाटिकेला, भाजीच्या पट्ट्याला, कुंड्यांना. रानाला घट्ट खतच लागतं, गाडीच्या गाडीने.

दुकानातल्या काळ्या बाटल्यांबद्दलही एवढंच म्हणेन की काळा रंग हा पुरावा नव्हे. मी एकदा अशी एक बाटली शेकडो रुपये देऊन आणली होती. तिच्यावर आत काय आहे हे धड छापलेलंसुद्धा नव्हतं. खतं विकायची तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो, त्यात सेंद्रिय खतांचे निकष दिलेले आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला घरच्या पिंपातून धंदा करायची हौस असेल तर आधी ते निकष वाचू द्या. घरापुरतं आणि शेतापुरतं करायला कुणाची आडकाठी नाही.

आपलं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, आणि आपण ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकलो याचा मला मनापासून अभिमान आहे. देवगुराडियाला ५५० टन ओला कचरा रोज पचवणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, त्यातून गॅसबरोबर खतही निघतं. घरातलं केळ्याचं साल चुकून सुक्या डब्यात पडलं तर आपण जिवाला लावून घेतो. आणि त्याच आपल्या नावावरच्या सहा बिघ्यांत दरसाल गाड्याच्या गाड्या काड जळतं. तिथे पालिकेची पिवळी कचरागाडी गाणं वाजवत येत नाही. तिथे आपणच जायला हवं.

तर माझी मागणी अशी. या आखातीजेला करार नवा करताना तो एका वर्षाचा करू नका. आपल्या राज्याच्या २०१६ च्या बटाईदार कायद्याप्रमाणे लेखी करार पाच वर्षांपर्यंत करता येतो, आणि त्या लेखी करारात मालकाच्या हक्कालाही संरक्षण आहे. कूळ लागेल ही आजोबांच्या काळची धास्ती अजून आपल्या घरांत आहे, ती मला समजते. माझ्या सासऱ्यांनी त्याच भीतीने कधी कागद केला नाही. पण तोंडी व्यवहाराने जमीन वाचते असं नाही आणि माती तर मुळीच वाचत नाही. वकिलाला दाखवा, पण कागद करा.

विहिरीजवळची अर्ध्या गुंठ्याची जागा खड्ड्यांसाठी मोकळी सोडा आणि तेवढ्या जागेचा मुनाफा घेऊ नका. शेणाचा आणि तीन पलटण्यांच्या मजुरीचा खर्च निम्मा तुम्ही द्या. आमच्याकडे त्यासाठी मी मुनाफ्यातून ठरलेली रक्कम आधीच वजा करते. माझ्या जावेला ते पटलं नव्हतं. "पैसे घ्यायचे की द्यायचे?" असं तिने सरळ विचारलं. मी तिला गेल्या पावसाळ्यात शेतावर नेलं आणि खत घातलेल्या पट्ट्यात पाय ठेवायला सांगितलं. तिथे माती चपलेला चिकटून वर येत नव्हती, खाली दबत होती. शेजारच्या पट्ट्यात पाणी साचून उभं होतं. ती काही बोलली नाही, पण यंदा तिच्या वाटणीच्या शेतातही खड्डा आहे.

बदल्यात दरवर्षी दोन पोती खत शहरात आपल्या घरी यावं. गच्चीवर, गॅलरीत, सोसायटीच्या आवारात त्याचं पाणी करा. शेत विकून टाकायचं का, हा विषय प्रत्येक दिवाळीला आपल्या घरात निघतो. मुलांनी निदान आपल्या मातीचा वास घेऊन तो विषय काढावा.

सासूबाईंच्या आंब्याची जळलेली बाजू कापून टाकावी लागली. उरलेल्या बाजूला यंदा मोहोर आला होता. आळं करून दर पंधरा दिवसांनी दोन बादल्या खतपाणी घालतो. आंबा त्याने सावरला की आपल्या जिवाने, ते मी सांगू शकत नाही.

करार इथे हिंदीतच लिहावा लागतो. माझ्या करारात घातलेला मजकूर जसाच्या तसा देते, उतरवून घ्या:

"फसल कटने के बाद नरवाई या भूसा खेत में अथवा मेड़ पर जलाया नहीं जाएगा. सोयाबीन का भूसा कुएँ के पास के गड्ढों में खाद बनाने के काम आएगा. गोबर और पलटाई का आधा खर्च भूमिस्वामी देगा. तैयार खाद इसी खेत में डाली जाएगी, दो बोरी भूमिस्वामी ले जाएगा."

तुमच्यातलीच एक,
निवृत्त शिक्षिका, सुदामानगर, इंदूर